वरळीची चाळ, रिंगखातं आणि आत्याची खानावळ

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत बुद्धचरित्र येते, बाबासाहेबांचे कार्य येते, देणगीदारांची नावे येतात. ते सर्व यायलाच पाहिजे. पण आपल्या ह्या वस्तीतली बरीचशी बौद्ध घरे मुंबईच्या चाळी सोडून इकडे कल्याणच्या पुढे आलेली आहेत, त्या चाळींबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. पोरांना विचारा, आपण मूळचे कुठले? पोरं सांगतील, दापोली, मंडणगड, खेड, संगमेश्वर. गाव सांगतील, आताचा पत्ता सांगतील, आणि मधली पन्नास-साठ वर्षे गाळून टाकतील. आम्हाला हे बरोबर वाटत नाही. म्हणून विहार कमिटीने लेख मागितल्यावर आम्ही वरळीच्या बी. डी. डी. चाळीवर लिहायचे ठरवले, आणि लिहिण्याच्या आधी एकदा तिकडे जाऊन आलो.

आमचा जन्म तिथला, १९६८ सालचा. १९८४ साली आमच्या वडिलांनी इकडे जागा घेतली तोपर्यंतची सोळा वर्षे आम्ही तिथेच वाढलो. घरच्या माणसांची नावे ह्या लेखात मुद्दामच देत नाही. अशी माणसे प्रत्येक खोलीत होती, वाचणाऱ्याने आपापल्या घरातली नावे घालून वाचावे.

प्रथम चाळीचा इतिहास. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड याच्या काळात, १९२० साली, सरकारने एक विकास खाते काढले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बी. डी. डी. गिरण्यांत कामाला माणूस पाहिजे, पण त्या माणसाला झोपायला जागा नाही, रोगराई वाढते, अशी त्या वेळची ओरड होती. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत झाला. पैसा कुठला? तर मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला. आमचे आजोबा सांगायचे की आपल्या डोक्यावरचं छप्पर कापसाचं आहे, ते अशा अर्थाने खरेच होते. पन्नास हजार खोल्या काही झाल्या नाहीत. चाळी उभ्या राहिल्या २०७. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी. मधून लांब अंधारा बोळ, बोळाच्या दोन्ही अंगाला दारे, संडास आणि नळ सगळ्यांना मिळून. खोली १६० चौरस फुटांची.

सुरुवातीला ह्या चाळी भरल्याच नाहीत, हे आता कोणाला खरे वाटणार नाही. भाडे परवडत नव्हते आणि वरळी तेव्हा लांब वाटायची. १९३० च्या कायदेभंगात तर सरकारने वरळीच्या काही चाळींचा तुरुंग केला आणि सत्याग्रही आणून कोंडले. घर म्हणून बांधलेली इमारत एका दिवसात तुरुंग होऊ शकते, तर ती घर म्हणून कशी बांधली असेल ते समजून घ्यावे. तरीपण त्याच खोल्यांत आमच्या माणसांनी संसार केले. खुद्द बाबासाहेब परळच्या बी. आय. टी. चाळीत, एक नंबरच्या चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. तीसुद्धा अशीच चाळ. एवढा मोठा विद्वान चाळीतल्या गलबल्यात रात्र-रात्र वाचत बसतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीने ऐकलेले होते, आणि पोरांना अभ्यासाला बसवताना ते कामाला यायचे.

आजोबा दापोली तालुक्यातले. गावचा महारकीचा जोहार सोडून मुंबईत आले ते एका गाववाल्याच्या ओळखीने गिरणीत लागले, रिंगखात्यात. पुढे आमचे काका लागले तेही रिंगखात्यात. १९८७ साली आम्ही बदली म्हणून लागलो, ते पण रिंगखात्यात. लोक म्हणतात योगायोग. योगायोग कसला?

ज्यांनी गिरणी पाहिली नाही त्या पोरापोरींसाठी जरा सविस्तर सांगतो. गिरणीत कापूस येतो, पिंजतात, त्याची पेळू होते, रिंगखात्यात साच्यावर सूत निघते, मग ते वाइंडिंगला जाते आणि शेवटी विणकरखात्यात मागावर कापड होते. सर्वांत जास्त पगार विणकरखात्यात. आणि त्या विणकरखात्याचे दार महारांना बंद होते. कारण ऐका. मागावर धोटा असतो, तो इकडून तिकडे धावतो, त्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. ते काढायला विणकर धोट्याला तोंड लावून सूत ओढून घ्यायचा. दिवसातून कितीतरी वेळा. मग एका महाराने तोंड लावलेल्या धोट्याला दुसरा कसा तोंड लावणार? विटाळ होणार ना! एका थुंकीच्या थेंबापायी हजारो माणसांचा पगार पिढ्यान्‌पिढ्या कमी राहिला. संघटना लाल बावट्याची असो की आणखी कुणाची, ह्या दाराला बराच काळ कोणी हात लावला नाही.

हात लावला बाबासाहेबांनी. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला, सहा महिने चालला. संपाच्या मागण्यांत अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम मिळाले पाहिजे ही मागणी घाला, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. पुढाऱ्यांना ते जड गेले. मालक कामगाराला लुटतो ते दिसते, पण कामगार कामगाराला बाहेर ठेवतो ते दिसत नाही. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, तिथे बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. भाषणात हे वाक्य पुष्कळ जण टाळ्यांसाठी वापरतात. आमच्या आजोबांना ते टाळीचे वाक्य वाटत नव्हते, कारण दोन्ही शत्रू त्यांना पाळी सुरू झाल्यापासून पाळी सुटेपर्यंत दिसत होते.

तरीसुद्धा त्याच साली ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाच्या विरोधात एक दिवसाचा संप झाला तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. कामगार मैदानावर सभा झाली, समता सैनिक दलाचे जवान बंदोबस्ताला होते. आजोबा त्या दिवशी गिरणीच्या फाटकावर उभे होते. ते म्हणायचे, “ज्यांच्या घोटातला पानी आमाला चालत नव्हता, त्यांच्या खांद्याला खांदा लावून हुबा राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मडकी वेगळी.” मडकी म्हणजे खात्यातली पिण्याच्या पाण्याची मडकी. आजोबांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नसायचा, हवापाणी सांगावे तसे ते सांगायचे.

आजीबद्दल एकच गोष्ट सांगतो. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, ७ तारखेला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाला आणि तिथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लाखावर लोकांना धम्मदीक्षा दिली. आजी, आजोबा, आत्या, आमचे वडील सगळे त्या गर्दीत होते. घरी आल्यावर आजोबांनी कोनाड्यातले देव काढले. गावाहून आणलेले चांदीचे टाक होते, खंडोबाचा आणि भवानीचा. आजीने पदर पुढे केला आणि म्हणाली, समुद्रात टाकू नका, द्या माझ्याकडे. आजोबांना वाटले बाईचे मन मागे ओढतेय. दुसऱ्या दिवशी आजीने ते टाक सोनाराला विकले आणि आलेल्या पैशांत बुद्धाची एक तसबीर मढवून आणली, उरलेले पैसे मजल्यावरच्या मंडळाला वर्गणी म्हणून दिले. चांदी ही चांदीच असते, असे तिचे म्हणणे. ती तसबीर आमच्या लहानपणी त्याच कोनाड्यात होती. काच एका कोपऱ्यात फुटलेली होती. ती कशी फुटली ते पुढे येते.

आता आत्या. आत्या आमच्या वडिलांपेक्षा चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन गेली आणि तीन वर्षांत परत आली. नवऱ्याने दुसरी केली होती. परत आल्यावर ती गिरणीत वाइंडिंगखात्याला लागली. तेव्हा बायका वाइंडिंगला, रिळाला असायच्या. पण ती खाती हळूहळू आटत गेली. नवी यंत्रे आली, बायकांना रात्रपाळी बंद, आणि एक-एक करून बायका घरी बसल्या. १९८२ च्या संपाने गिरण्या गेल्या असे सगळे लिहितात. गिरणीतल्या बायकांची गिरणी त्याच्या किती आधी गेली हे कोणी लिहीत नाही. आत्याचे काम सुटले तेव्हा आम्ही लहान होतो. तिने आजीची खानावळ हातात घेतली.

खानावळ म्हणजे काय, पाटी लावलेले हॉटेल नव्हे. त्याच १६० चौरस फुटांत आम्ही आठ माणसे राहायचो, आणि त्याच चुलीवर, पुढे रॉकेलच्या स्टोव्हवर, पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक व्हायचा. जेवणारे सगळे गाववाले, कुणाची बायको गावी, कुणाचे लग्न नाही. पाळीप्रमाणे यायचे. सकाळच्या पाळीचा माणूस पहाटे डबा घेऊन जाणार, रात्रपाळीचा सकाळी येऊन जेवणार आणि बोळात वाकळ पसरून झोपणार. तांदळाच्या भाकऱ्या, आमटी, सुकट, रविवारी मटण. महिन्याच्या पगाराला हिशेब. मुंबईच्या गिरणगावात अशा खानावळवाल्या बायका हजारोंनी होत्या आणि सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना एकत्र केले, बँकेचे कर्ज मिळवून दिले, ही फार मोठी गोष्ट झाली. आमची आत्या त्यात गेली नाही. कागदावर अंगठा द्यायची तिला धास्ती होती. नवऱ्याने एकदा असाच अंगठा घेतलेला होता.

आता १९७४ साल. हे लिहायला आम्हाला आजही जड जाते, पण टाळूनही चालत नाही.

वरळीच्या चाळींत कोण कुठल्या चाळीत राहतो हे ठरलेले होते. सरकारी कागदात तसे कुठे लिहिलेले नसेल, पण अमुक नंबरच्या चाळी बौद्धांच्या, तमुक नंबरच्या मराठ्यांच्या, हे पोरासोरांना ठाऊक होते. शाळेत नवा मास्तर विचारायचा, कुठल्या चाळीत राहतोस? नंबर सांगितला की जात सांगितली. जय भीम म्हणायची गरज नाही, आडनाव सांगायची गरज नाही. एक आकडा पुरे. दलित पँथर १९७२ ला निघाली तेव्हा वरळीच्या आमच्या चाळींतली पोरे तिच्यात होती. आमचे काका पँथरच्या सभेला जायचे, अंगात काळा शर्ट घालायचे. १९७४ च्या जानेवारीत मध्य मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक होती, पँथरने बहिष्कार पुकारला होता. ५ जानेवारीला वरळीला पँथरची सभा झाली. सभेवर दगड आले आणि तिथून दंगल पेटली. पोलिसांच्या गोळीबारात रमेश देवरुखकर हा तरुण गेला. १० तारखेला निषेधाचा मोर्चा निघाला, त्या मोर्च्यावर परळला वरून वाटणाचा दगड टाकला गेला आणि भागवत जाधव शहीद झाले. पुढे सरकारने न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला. पोटनिवडणूक रोझा देशपांडे जिंकल्या. हा झाला पुस्तकातला इतिहास.

आमच्या खोलीतला इतिहास असा. आम्ही सहा वर्षांचे नव्हतो. दिवे बंद. खिडकीला आईने खाट उभी केलेली, खाटेला गादी टेकलेली. तरी एक दगड गादीच्या बाजूने आत आला आणि कोनाड्यातल्या तसबिरीची काच फुटली. पाणी संपले. नळ खाली. चाळीतल्या बायकांनी ठरवले की पुरुषांनी उतरायचे नाही, पुरुष दिसला की दगड येतो नाहीतर पोलीस उचलतात. आत्या पुढे आणि तिच्या मागे बारा-पंधरा बायका, हातात कळशी, हंडा, बादली, अशी रांग जिन्यावरून खाली गेली. एका बाईचा खांदा फुटला. पाणी वर आले. ते पाणी आधी बाळंतिणीच्या खोलीत दिले, मग मजल्यावर वाटले.

भागवत जाधवांची बातमी आली त्या रात्री आत्याने घरातला पाटा-वरवंटा उचलला आणि खाटेखाली भिंतीला ढकलून ठेवला. पुढे पंधरा-वीस दिवस आमच्या घरात वाटण झाले नाही. जेवणारे गाववाले नुसते तिखट घातलेली आमटी जेवले. एकानेही विचारले नाही. भागवत जाधवांवर लेख आले, स्मृतिदिन होतात, ते योग्यच आहे. त्या पाट्याबद्दल आम्ही इतकी वर्षे कुठे बोललो नव्हतो.

त्यानंतर आठ वर्षांनी संप आला. १८ जानेवारी १९८२. डॉक्टर दत्ता सामंतांच्या नावाने गिरणगाव पेटलेला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. काका बाहेर, खानावळीतले बहुतेक जेवणारे बाहेर. आमचे वडील गोदीत होते म्हणून घरात पगार येत होता, तेवढ्यावर सगळे. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे, आठवीतून नववीत जाणारे. आत्याच्या खानावळीची वही लिहायचे काम आमच्याकडे होते. ती वही आमच्याकडे आजही आहे. दोनशे पानी, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा उंदराने खाल्लेल्या. आम्ही आयुष्यात पुष्कळ पुस्तके वाचली, रात्रशाळेत वाचली, गिरणीच्या जेवणाच्या सुट्टीत वाचली, पण संप समजावा तर ह्या वहीवरून. जानेवारीच्या पानावर नाव, चाळ नंबर, रक्कम, “मिळाले”. फेब्रुवारीत निम्म्यांपुढे “बाकी”. एप्रिलमध्ये सगळ्यांपुढे “बाकी”. जूनपासून नावेच कमी होत जातात, कारण माणसे गावी गेली. गणपतीच्या महिन्यात चार नावे.

आत्याने कोणाला नाही म्हटले नाही असे सांगितले तर ते खोटे होईल. तिने दोघांना बंद केले. ते पिऊन यायचे. बाकीच्यांना ती भाकऱ्या कमी करून घालायची. तीनच्या दोन, दोनच्या दीड. स्वतःच्या कानातले कधी गेले ते आम्हाला कळलेच नाही, एक दिवस कान मोकळे दिसले.

त्याच पावसाळ्यात एक माणूस आला. समोरच्या चाळीतला. आठ वर्षांपूर्वी ज्या चाळींकडून दगड आले त्यांपैकी एका चाळीतला. विणकरखात्यातला कामगार होता, मराठा, घाटावरचा. त्याची बायकोमुले गावी गेलेली, आणि तो ज्या खानावळीत जेवायचा ती बंद पडलेली. काकांच्या ओळखीचा, संपाच्या मीटिंगला दोघे एकत्र बसायचे. काका त्याला घेऊन आले आणि दारात उभे राहिले. आत येऊ का असे काही तो बोलला नाही. आत्या स्टोव्हला पंप मारत होती. तिने वर पाहिले, ताटाकडे पाहिले, आणि म्हणाली, “बसा. हात धुवा आदी.”

तो जेवला. आत्याच्या हातची भाकरी, आमच्या घरचे पाणी, आमच्या घरची वाटी तोंडाला लावून. ज्या खात्यात आमच्या आजोबांच्या तोंडाचा विटाळ होत होता त्याच खात्यातला माणूस. आम्हाला तेव्हा धोट्याची गोष्ट आजोबांकडून ऐकून माहीत होती, त्यामुळे आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. आईने आमच्या पाठीत धपाटा घातला.

रात्री वही घेऊन बसलो. रिवाजाप्रमाणे नाव लिहिले, पुढे चाळ नंबर लिहायला घेतला. आत्याला अक्षर येत नव्हते पण आकडे कळायचे. तिने पेन्सिल धरली.

“चाळ नंबर नको लिवू.”

“का गं आत्ये? सगळ्यांचा लिवलाय.”

“नाव लिव, पैशे लिव. चाळ नंबर लिवलास तर उद्या आपलेच पोरं वही बघतील नि ह्याला जिन्यात गाठतील. नायतर त्याचे लोक ह्याला.”

म्हणून त्या वहीत एकच नाव असे आहे की ज्याच्यापुढे चाळ नंबर नाही. तो अडीच महिने जेवला. शेवटची बाकी ८३ रुपये ५० पैसे. मग गावी गेला. संप कधी मागे घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला, आणि तो माणूस परत चाळीत दिसला नाही. काका म्हणायचे, तो पैसे पाठवील. आत्या म्हणायची, त्याच्याकडे असते तर तो माझ्या दारात आला असता काय?

काही कार्यकर्ते बंधू ही गोष्ट ऐकली की लगेच म्हणतात, बघा, भूक लागली की जात जाते. आम्हाला हे पटत नाही. तो जिन्याने येताना इकडेतिकडे बघत यायचा, आणि दिवसाउजेडी कधी आला नाही, रात्रीच यायचा. एवढ्या मोठ्या संपाने हजार गोष्टी केल्या, पण त्या माणसाला दुपारी बाराला आमच्या जिन्यावर चढण्याइतके बळ दिले नाही. दुसरे काही बंधू म्हणतात, ज्यांनी दगड मारले त्यांना कशाला जेवू घातले? ह्याचे उत्तर आत्याने आम्हाला दिलेले नाही, त्यामुळे आम्हीही देत नाही. एवढे मात्र खरे की तिच्या वहीत तो गिऱ्हाईक होता, उपकार घेणारा नव्हता. बाकी लिहिलेली आहे.

पुढचे थोडक्यात. काकांना गिरणीने परत घेतले नाही, ते १९८९ ला गेले. आत्या १९९३ ला गेली. आम्ही स्वतः ज्या गिरणीत होतो तिचे दार २००२ साली बंद झाले, देण्यासाठी पुष्कळ खेपा मारल्या. तो विषय वेगळा, त्यावर वेगळा लेख होईल.

वरळीची खोली आता काकांच्या मुलाच्या नावावर. चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ ला झाले, वरळीला बांधकाम २०२१ ला सुरू झाले, आणि १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यात आमच्या चुलतभावाचे घर आले. ते बघायलाच आम्ही गेलो होतो. लोअर परळला उतरून चालत गेलो. जिथे भोंगा वाजायचा तिथे काचेच्या इमारती आहेत, हे आता सगळ्यांनीच लिहून झाले आहे. जांबोरी मैदान आहे. ज्या गल्लीत आम्ही लगोरी खेळायचो तिथे पत्रे ठोकलेले, आत यंत्रे. आमची चाळ नेमकी कुठे उभी होती ते एका वडाच्या झाडावरून ओळखायचा प्रयत्न केला, पण वॉचमन उभा राहू देईना.

चाळीस मजल्यांची इमारत. लिफ्टने वर गेलो. घर ५०० चौरस फुटांचे, आत संडास, आत मोरी, खिडकीतून समुद्राची रेघ दिसते. आत्या रांग लावून ज्या पाण्यासाठी जिना उतरली ते पाणी स्वयंपाकघरात नळाला येते. आम्ही नळ सोडून पाहिला. वहिनी हसल्या. म्हणाल्या, “भावोजी, सगळे पावणे आधी नळच सोडून बघतात.”

आम्ही विचारले, शेजारी कोण आहे? वहिनी म्हणाल्या, “सोडत निघाली ना, त्यात कोण कुठं ते लागलंय. बाजूला पलीकडच्या चाळीतले आहेत. बरे आहेत. पण कोणी विचारलं तर अजून चाळ नंबरच सांगतात. आम्हीपण तोच सांगतो, काय करणार, घराचा नवा नंबर तोंडात बसत नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पोरी मात्र सांगत नाहीत. त्यांना माहीतच नाही कुठली चाळ कोणाची होती.”

चांगले की वाईट, ते आम्ही त्या दिवशी ठरवू शकलो नाही. विटाळाचा आकडा पोरींच्या तोंडातून गेला हे चांगलेच. पण त्या आकड्याबरोबर पाण्याची रांग जाणार, पाटा जाणार, वही जाणार, आणि उद्या कोणी सांगितले की इथे सगळे गुण्यागोविंदाने राहत होते, तर त्या पोरी काय उत्तर देणार? वहिनींनी आत्याचा फोटो मागितला, भिंतीवर लावायला. फोटो नाही. आत्याचा एकही फोटो कोणी काढलेला नाही. भाड्याच्या पावत्या आजोबांच्या नावाच्या, मग काकांच्या. रेशनकार्डावर ती एक ओळ होती, ते कार्ड गेले. फुटक्या काचेची तसबीर चुलतभावाने नव्या घरात लावली आहे, काच न बदलता.

आम्ही ती खानावळीची वही विहाराच्या ग्रंथालयाच्या कपाटात ठेवायला दिली आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर यावे, पाने जपून उलटावीत, कागद कुजलेला आहे. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी, कुठल्याही चाळीतून इथे आलेल्या ज्या कुटुंबांकडे जुन्या भाड्याच्या पावत्या, गिरणीचा बदली पास, हजेरीकार्ड, मंडळाची वर्गणी पुस्तके, खानावळीच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता आमच्याकडे आणाव्यात. झेरॉक्स काढून मूळ कागद परत केला जाईल. आणि घरात ऐंशीच्या पुढची कोणी आजी असेल तर आम्हाला कळवा, आम्ही स्वतः घरी येऊन लिहून घेऊ. दुपारी दोननंतर आम्ही मोकळे असतो.